दाढेतली कीड आणि टाकीतली

डॉक्टरांच्या दवाखान्यात फिशटँक आला तो घाबरट पेशंटांसाठी. दाताच्या डॉक्टरकडे हसत येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. आत मशीन घूंऽ करून वाजलं की बाहेर बाकावर बसलेल्यांपैकी निदान एकाला घरी गॅस चालू राहिल्याची आठवण होई, आणि असा आठवण झालेला माणूस परत आल्याचं उदाहरण नव्हतं. तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने तोडगा काढला की लोकांना बघायला काहीतरी द्या. पोहणारे मासे बघितले की माणूस शांत होतो, असं तिच्या बहिणीने तिला सांगितलं होतं, आणि तिच्या बहिणीने सांगितलेलं त्या घरात आजवर कुणी खोडून काढलेलं नाही.

माणूस शांत होतो हे खरं निघालं. फक्त शांत होता होता तो माशांना खायला घालतो, हे बहिणीने सांगितलं नव्हतं. टाकीशेजारीच खाद्याचा डबा होता. दात साफ करून घ्यायला आलेला माणूस एखादी चिमूट टाके. दाढ भरायला आलेला जरा सढळ हाताने घाली. आणि ज्याची अक्कलदाढ काढायची असे तो मुठीमुठीने असं टाकत राही की जणू जाण्यापूर्वी सगळं दान करून मोकळा होतोय. रिसेप्शनवरच्या बाई तर पाण्याकडे बघूनच सांगू लागल्या, "मगाशी अक्कलदाढ येऊन गेली वाटतं." डबा उचलून ठेवला तर लोक खिशातली बिस्किटं कुस्करून घालू लागले. माणुसकी म्हणतात ती अशी अडचणीच्या जागी उफाळून येते.

मासे तरी किती खाणार? उरलेलं सगळं खाली खडीत जाऊन बसलं, कुजलं, आणि एका सकाळी डॉक्टर टाकीजवळ वाकले तर काचेवर दोऱ्याएवढ्या बारीक, पांढऱ्या अळ्या मजेत वळवळत होत्या.

दुसऱ्या कुणाच्या टाकीत अळ्या झाल्या असत्या तर त्याने पाणी बदललं असतं आणि चहा प्यायला असता. पण हे दातांचे डॉक्टर. दवाखाना उघडल्यापासून त्यांनी लोकांना एकच गोष्ट घसा फोडून सांगितली होती, की दाताला कीड लागते म्हणजे दातात किडा शिरत नाही. दात किडतो तो आम्लाने, जंतूंनी, गोड खाऊन चुळा न भरल्याने. हे सांगताना ते फळ्यावर दाताचं चित्र काढत. शाळांमध्ये जाऊन त्यांनी यावर भाषणं दिली होती. आणि आता त्यांच्याच दवाखान्यात, पेशंटांच्या डोळ्यांसमोर, काचेच्या पेटीत, वर ट्यूब लावून, खऱ्याखुऱ्या अळ्या.

पेशंटांपैकी पहिल्यांदा त्या दिसल्या एका आजींना. डॉक्टरांनी त्यांची दाढ नुकतीच काढली होती आणि जखम दाखवायला त्या आल्या होत्या. चष्मा कपाळावर चढवून त्या बराच वेळ टाकीसमोर उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी अगदी सहज विचारलं, "डॉक्टर, यातली माझी कुठली?"

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं. फळा काढला. चित्र काढलं. आम्ल काढलं, जंतू काढले, जंतूंना बाण काढले. आजींनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं.

"ते झालं तुमच्या शिक्षणाचं," त्या म्हणाल्या. "पण माझी कुठली ते सांगा ना. ती कोपऱ्यातली जाडी असणार. फार छळलंय तिने मला."

आजी गेल्यावर डॉक्टरांनी माशांच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, खाणं कमी करा, खडी नळीने ओढून साफ करा, दर आठवड्याला थोडंथोडं पाणी बदला, महिन्याभरात अळ्या जातील. शिवाय अळ्या खाणारा एक मासा त्याच्याकडे होता. डॉक्टरांनी तो मासा आणला. त्याने पहिल्या दिवशी एक अळी खाल्ली, दुसऱ्या दिवशी त्याला बिस्किटाचा शोध लागला, आणि त्यानंतर त्याने अळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

महिनाभर थांबायला डॉक्टरांना वेळ नव्हता. त्यातून दुकानदाराचं ते 'नळीने ओढून' त्यांच्या डोक्यात बसलं होतं. नळीने ओढण्यात त्यांचा हात धरणारा कोण होता? पेशंटच्या तोंडातली लाळ ओढायचं सक्शनचं यंत्र दवाखान्यात होतंच. त्याला आणखी एक लांब नळी जोडली की ती दाराखालून बाहेर टाकीपर्यंत पोहोचत होती.

त्या दिवशी खुर्चीवर कोपऱ्यावरचा सलूनवाला होता. दाढ भरण्यासाठी डॉक्टरांनी त्याला इंजेक्शन दिलं होतं. जबडा बधिर व्हायला थोडा वेळ लागतो. एरवी त्या वेळात डॉक्टर हवापाण्याच्या गप्पा मारत. आज बाहेरचा बाक रिकामा आहे असं पाहून ते म्हणाले, "आलोच," आणि नळी घेऊन बाहेर गेले. दार लावून घेतलं. टाकीत नळी बुडवली. इतकं सफाईदार काम त्यांनी कधी केलं नव्हतं. कोपऱ्यातली जाडी पहिल्याच झटक्यात गेली.

आता आतली बाजू ऐका. सक्शनने ओढलेलं सगळं जाऊन पडतं ते खुर्चीशेजारच्या काचेच्या बरणीत. सलूनवाला खुर्चीवर आडवा, अर्धं तोंड बधिर, गालात कापूस. मघापर्यंत त्याच्या तोंडातली लाळ त्या बरणीत पडलेली त्याने स्वतः पाहिली होती. डॉक्टर खोलीत नाहीत. यंत्र आपोआप घुरघुरतंय. आणि बरणीत एक अळी पडली. मग दुसरी. मग अळ्यांचा झुबकाच्या झुबका. सलूनवाल्याने जिभेने दाढ चाचपून पाहिली, पण जीभही त्याची राहिली नव्हती. तो ओरडला, पण बाहेर नुसता 'बॉऽ' असा आवाज आला. तेवढ्यात यंत्र कण्हलं, नळी थरथरली, आणि टप्पकन एक गप्पी मासा बरणीत येऊन पडला व पोहू लागला.

डॉक्टर उरलेल्या अळ्या टाकीत तशाच सोडून धावत आत आले ते माशासाठी. त्यांनी आधी बरणी उचलली, मासा जिवंत आहे हे बघून त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि मग त्यांचं सलूनवाल्याकडे लक्ष गेलं. सलूनवाला हात जोडून रडत होता.

डॉक्टरांनी खुलासा केला, पण ज्या माणसाने डोळ्यांनी मासा पाहिलाय त्याला खुलाशाने काय होणार? आणि शंभर लोकांना सांगितलं असतं तरी चाललं असतं, सलूनवाल्याला कळायला नको होतं. सलूनमध्ये माणूस खुर्चीला बांधलेला असतो, गळ्याशी वस्तरा असतो, समोरचा जे सांगेल ते त्याला पटतं. संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं की डॉक्टर मशीन लावून दातातली कीड जिवंत बाहेर काढतात. मासा जरा जास्त होतोय, असं काही लोक म्हणाले. अळ्यांवर कुणी शंका घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा रांग जिन्याखाली पोहोचली होती. दाताच्या दवाखान्यासमोर हसऱ्या लोकांची रांग, हे दृश्य डॉक्टरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिलाच माणूस आत येऊन म्हणाला, "भरायबिरायचं काही नको. तेवढी कीड काढा आणि बाटलीत द्या. घरी दाखवायचीय."

डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी त्या माणसाला फळा दाखवला. पुढच्याला दाखवला. दुपारपर्यंत त्यांचा खडू संपला. शेवटी त्यांनी पाटी रंगवून आणली आणि टाकीवर लावली: 'या टाकीतील अळ्यांचा पेशंटांच्या दातांशी काहीही संबंध नाही.'

पाटीसमोर गर्दी जमली. "संबंध नसता तर लिहिलं कशाला असतं?" एकाने विचारलं. बाकीच्यांना ते पटलं. "सरकारी बंधन असतं तसं लिहायचं," दुसरा जाणकार म्हणाला. त्या दिवसापर्यंत ज्यांच्या मनातही आलं नव्हतं त्यांनाही पाटीमुळे कळलं की संबंध असू शकतो.

आता अळ्या मारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. माशांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की माणसांचं जंतांचं औषध पाण्यात थोडं टाकलं तरी चालून जाईल. डॉक्टर संध्याकाळी औषधाच्या दुकानात गेले. तिथे त्यांच्याच इमारतीतल्या, वरच्या मजल्यावरच्या काकू मागे उभ्या होत्या. फिशटँक हा शब्द आता चारचौघांत उच्चारायची सोय राहिली नव्हती. डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले, "जंतांचं औषध द्या. पातळ."

"कुणासाठी?" औषधवाल्याने कानामागे हात धरून मोठ्याने विचारलं.

"घरात जरा हवंय."

"वय काय?"

डॉक्टर विचारात पडले. "तसे लहानच आहेत."

"रात्री खाज सुटते?"

"कुणाला?"

"हे बघा डॉक्टर, लाजण्यासारखं यात काही नाही. कुणालाही होतात. फक्त घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्या. नाहीतर एकाचे दुसऱ्याला होतात, दुसऱ्याचे फिरून पहिल्याला. मोठी बाटलीच न्या."

डॉक्टर मोठी बाटली घेऊन, वाटेत जरा मोकळी हवा खाऊन घरी पोहोचले. काकू थेट घरी गेल्या होत्या. दार उघडलं तर आई समोर चमचा घेऊन उभी, आणि तिच्या मागे बायको तोंडावर पदर धरून.

"मला बाहेरच्यांकडून कळावं ना," बायको म्हणाली. "दाखव बाटली," आई म्हणाली. "लहानपणीसुद्धा तुझं असंच. पोटात दुखलं की कपाटामागे जाऊन बसायचास, पण सांगायचा नाहीस."

"आई, हे टाकीसाठी आहे. टाकीतल्या अळ्यांसाठी."

"हो हो. आ कर."

आख्ख्या गावाला 'आ करा' म्हणणारा माणूस स्वतःच्या स्वयंपाकघरात आ करून उभा राहिला. आईने त्याला दोन चमचे पाजले, स्वतः घेतले, सुनेला दिले, भांडीवाल्या मावशींना बोलावून दिले, आणि काकूंना उगाच संशय नको म्हणून वर थोडं पाठवलंही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर दवाखान्यात बाटली घेऊन गेले तेव्हा तळाशी जेमतेम एक घोट उरला होता. रात्रीची झोप नीट झाली नव्हती, औषध फार गुणी होतं. दार नुसतं लोटून, बाटली उपडी धरून ते शेवटचे थेंब टाकीत झटकत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी खाकरलं.

"काय घालताय त्यात?"

आरोग्य खात्याचे निरीक्षक होते. बगलेत फाइल, चेहऱ्यावर सकाळपासून जिने चढल्याचा राग. त्यांच्याकडे तक्रार आली होती की सदर डॉक्टर पेशंटांच्या दातांतून काढलेल्या अळ्यांचे प्रदर्शन मांडून लोकांची दिशाभूल करतात. तक्रार समोरच्या डॉक्टरांची होती. समोरचे डॉक्टर म्हणजे रस्त्यापलीकडचे, तेही दातांचेच. त्यांच्या पदव्या पाटीवर एका ओळीत मावत नसत.

"या अळ्या कुणाच्या?" निरीक्षकांनी विचारलं.

"कुणाच्याच नाहीत. आपोआप झाल्या."

"आपोआप असं काही नसतं. दातांतल्या आहेत की नाहीत?"

"साहेब, दातात अळी होतच नाही. थांबा, फळा दाखवतो."

"फळा नको. दातांतल्या नाहीत याला पुरावा काय?"

"मी दातांचा डॉक्टर आहे, मी सांगतोय ना."

"म्हणजे आरोपीही तुम्ही आणि तज्ज्ञही तुम्ही. असं चालत नाही."

डॉक्टरांनी हात टेकले. "मग मी टाकीच काढून टाकतो. आत्ता. तुमच्यासमोर मोरीत ओततो."

निरीक्षकांनी फाइल उघडली. "पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न," असं पुटपुटत त्यांनी काहीतरी लिहिलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना घेईल. तोवर या अळ्या आहेत तशा, जिवंत, राहिल्या पाहिजेत. मेल्या तर जबाबदारी तुमची."

"केव्हा येईल तो?"

"तो रजेवर आहे. आला की येईल."

निरीक्षक जिना उतरले आणि डॉक्टरांना हातातल्या रिकाम्या बाटलीची आठवण झाली. त्यांनी टाकीकडे पाहिलं. काचेवरच्या अळ्या मलूल झाल्या होत्या. एक तर त्यांच्या डोळ्यांदेखत सुटून खाली गेली. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्यांच्या नायनाटासाठी जंग जंग पछाडलं, त्यांना वाचवायची वेळ आली होती. त्यांनी माशांच्या दुकानदाराला फोन केला.

"अळ्या मरतायत," ते म्हणाले.

"छान झालं की."

"छान नाही. वाचवायच्या आहेत."

पलीकडे दुकानदाराने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तो जपून म्हणाला, "अर्धं पाणी बदला. फिल्टरमध्ये कोळसा घाला. खाणं वाढवा. आणि डॉक्टर, तुम्ही स्वतः जेवलात का वेळेवर?"

त्या आठवड्यात डॉक्टरांनी जितकी काळजी अळ्यांची घेतली तितकी कुठल्या पेशंटची घेतली नव्हती. रोज सकाळी दात तपासायचा छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन ते खडीत डोकावत. रिसेप्शनवरच्या बाई मागे उभ्या राहून विचारत, "कशा आहेत?" आणि डॉक्टर म्हणत, "कालच्यापेक्षा बऱ्या आहेत. ती डावीकडची जरा खातेय." अक्कलदाढेच्या पेशंटांना ते आधी टाकीपाशी बसवून ठेवत, त्यांची भीती वाया जाऊ नये म्हणून. अळ्या सावरल्या. सावरल्या म्हणजे काय, मूळच्याहून दुप्पट झाल्या. रांगही वाढली. प्रयोगशाळेचा माणूस रजेवरच होता.

अशातच एका दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, मागच्या जिन्याने कुणीतरी आलं. गालाला रुमाल, डोळ्यांत पाणी. समोरचे डॉक्टर.

दातांच्या डॉक्टरची खरी शोकांतिका ही, की त्याचा स्वतःचा दात दुखला तर त्याला दुसऱ्या दातांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. केस कापणाऱ्याचं आणि यांचं दुःख सारखंच. डॉक्टरांनी एक शब्द न बोलता त्यांना खुर्चीवर घेतलं आणि दिवा फिरवला.

"दाढ किडलीय," ते म्हणाले.

"हूं," समोरचे डॉक्टर म्हणाले. किती दिवसांनी डॉक्टरांना 'किडलीय' हा शब्द पुढच्या खुलाशाविना वापरायला मिळाला होता. त्यांना भरून आलं. इंजेक्शन देऊन, गालात कापूस घालून, सक्शन लावून त्यांनी बोलायला सुरुवात केली. बाकावरच्या लोकांची बिस्किटं, आजी, सलूनवाला, आईचा चमचा, सगळं सांगितलं. समोरच्या माणसाला सगळं समजत होतं आणि मधे बोलता येत नव्हतं, असा श्रोता पुन्हा कुठे मिळायचा. दाढ भरून झाली तेव्हा डॉक्टरांचं मन कापसासारखं हलकं झालं होतं.

समोरच्या डॉक्टरांनी चूळ भरली. "तक्रार मी केली होती," ते बधिर जिभेने म्हणाले.

"माहीत आहे. 'दिशाभूल' हा शब्द या रस्त्यावर तुम्हीच वापरता."

"मागे घेतो. मलाही कळतं हो दातात अळी नसते. पण परवा एक बाई खुर्चीवरून उठून गेल्या. म्हणाल्या, तुमच्याकडे एकही कीड दिसत नाही, म्हणजे तुम्हाला काढता येत नसणार. तेव्हापासून कुणी आलेलं नाही." त्यांनी रुमालाची घडी केली. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती टाकी मला देता का?"

डॉक्टरांनी दिवा पुन्हा त्यांच्या तोंडावर वळवला.

"मी काही बोलणार नाही," समोरचे डॉक्टर घाईने म्हणाले. "दावा नाही, पाटी नाही. नुसती ठेवणार."

अडचण पुराव्याची होती. पण दोघं मिळून गेल्यावर निरीक्षकांनी फाइल चाळून मार्ग काढला. तक्रार मागे घेता येते, पुरावा मागे घेता येत नाही, पण तो आरोपीकडेच असायला हवा असं कुठे म्हटलेलं नाही. तक्रारदाराने सांभाळला तरी खात्याची हरकत नव्हती.

टाकी रस्त्यापलीकडे गेली तो दिवस लोकांच्या लक्षात राहिला. एका बाजूने आपले डॉक्टर, दुसऱ्या बाजूने समोरचे, मधे काठोकाठ हिंदकळणारं पाणी आणि पुढे बाई वाहनं थांबवत. सलूनवाला गिऱ्हाइकाची दाढी अर्धी सोडून बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग फेसासकट गिऱ्हाईक. "सांभाळून न्या," तो ओरडला, "माझाही मासा आहे त्यात."

दुसऱ्या दिवशी रांग पलीकडे लागली. इकडे दवाखान्यात शांतता, स्वच्छ भिंत, टाकीच्या जागी चौकोनी डाग. डॉक्टरांनी फळा पुसून ठेवला. त्यांचं तत्त्व शाबूत होतं आणि दुपारपर्यंत त्या तत्त्वाला बघायलाही कुणी आलं नव्हतं. बाईंनी विणकाम काढलं.

चारच्या सुमाराला गालावर हात धरून एक माणूस आला. डॉक्टरांनी त्याला बसवलं, दाढ पाहिली, आणि न राहवून सांगितलं, "हे बघा, तुमची दाढ किडलीय, पण त्यात किडा वगैरे काही नाही हं."

"हो, ते माहितेय," माणूस म्हणाला. "कीड समोरच्यांनी सकाळीच काढली. दाखवलीपण मला टाकीत." त्याने आणखी मोठा आ केला. "ते म्हणाले, आता आत भोक राहिलंय ते बुजवायचं असेल तर तुमच्याकडे जा. त्यांना आज वेळ नाही."

डॉक्टरांनी काही क्षण त्याच्या दाढेकडे पाहिलं, मग खिडकीतून पलीकडच्या रांगेकडे. रांगेतून दोघंतिघं गाल धरून रस्ता ओलांडत होते.

"बाई," त्यांनी हाक मारली, "बाक पुसून घ्या." आणि त्यांनी मशीन सुरू केलं.